काशिनाथच्या बाजूची दोरी

३ नोव्हेंबर, रविवार
संकल्प : बागेची हद्द कायमची पक्की करणे. शेजारच्या वाडीवाल्या काशिनाथने इतकी वर्षं करू दिली नाही. मी दोरी बांधायला घेतली की केळीआडून खाकरायचा, ‘सायेब, आमच्यात आलात.’ जूनमध्ये वारला. वाडीत आता रान माजलंय. वाईट वाटतं, पण मैदान मोकळं आहे. आगाशीच्या बाजारातून नायलॉनची दोरी आणि कोयता आणला.

५ नोव्हेंबर
दोरी हातभर पलीकडे बांधली. कोणी हरकत घेतली नाही. पूर्ण विजय. चहा मात्र बेचव लागला. बायकोला, मंदाला, तसं सांगितलं तर म्हणाली, रोजचाच आहे.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ
आणखी हातभर. गाठ मारताना केळीआडून खाकरल्याचा आवाज. तोच. आधी सुका, मग ओला. बिडीचा वाससुद्धा. हातातली दोरी सुटली. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, मी सायन्स ग्रॅज्युएट आहे. भारद्वाज असणार. भारद्वाज बिडी ओढत नाही, असं मंदाचं म्हणणं. तिला पक्ष्यांतलं काय कळतं?

१० नोव्हेंबर
दोरी मागे घेतली. घाबरून नव्हे. अळूला ऊन लागत नव्हतं.

१७ नोव्हेंबर
मेल्यावरही तो हेका सोडत नसेल तर मी का सोडावा? दोरी थेट त्याच्या फणसापर्यंत नेली. अंधारून येईपर्यंत उभा राहिलो. खाकरला! घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

२ डिसेंबर
आज त्याच्या विहिरीपर्यंत. आवाज नाही. डास चावत होते तरी थांबलो. शेवटी मोठ्याने विचारलं, दिसतंय ना काय चाललंय ते? केळीची पानं हलली, पण वाऱ्यानेच.

८ डिसेंबर
काशिनाथच्या मुलाला, उमंगला, फोन केला. नालासोपाऱ्याला फ्लॅटमध्ये असतो. निव्वळ कायदेशीर चौकशी. म्हणाला, काका, हवी तेवढी घ्या, तिथे येतंय कोण! बापाने वीतभर सोडली नाही आणि हा फोनवर सगळी देऊन मोकळा. फार राग आला. डोळ्यांत पाणी आलं ते अंगठ्याला कोयता लागला होता म्हणून.

१५ डिसेंबर
दोरी आपल्याच बाजूला आत घेतली. मोगरा काशिनाथकडे गेला. ही स्ट्रॅटेजी आहे. फुकट मिळतंय म्हटल्यावर तरी काही बोलेल.

२२ डिसेंबर
दोरी आता तुळशीपाशी. मंदा म्हणाली, आणखी सरकवलीत तर गॅसचा सिलिंडर त्यांच्यात जाईल. तिकडून अजून काही नाही.

२९ डिसेंबर, संध्याकाळ
पाहणीसाठी केळीआड गेलो. त्याच्या नेहमीच्या जागी उभा राहिलो. तिथून आमचं घर चांगलं दिसतं. स्वयंपाकघरातला दिवा, ओट्याशी मंदा, माझी खुर्चीसुद्धा. खाकरून पाहिलं. जमलं नाही. पुन्हा खाकरलो.

मंदाने वर न बघताच खिडकीतून हाक मारली, की काशिनाथभाऊ, या चहाला, हे येतीलच इतक्यात. मग भांडं पडल्याचा आवाज आला.

अंधार पडेपर्यंत केळीआडच थांबलो.

नंतर घरी गेलो. तीन कप भरून ठेवलेले होते. आम्ही आमचे दोन घेतले. हद्दीचं काम बंद. दोरी सोडून आणली, कपडे वाळत घालायला होईल.