कणकीतली सही

माय, तुला सही मी शिकवली, हे मी कुणाला सांगत नाही. शाळेतलं खिचडीचं काम आटोपून तू दुपारी घरी यायचीस, सुपात तुकडा तांदळाची कणकी पसरायचीस आणि खडे निवडता निवडता म्हणायचीस, "दाखव बाबू, आज कोणतं अक्षर?" मी बोटानं कणकीत अक्षर काढायचो, तू त्यावरून बोट फिरवायचीस, मग सूप हलवलं की पाटी कोरी. तीन अक्षरांचं तुझं नाव, पण पंधरा दिवस लागले. तू आधी वरची रेघ ओढायचीस आणि मग एकेक अक्षर तिच्याखाली लावायचीस. मी म्हणायचो, आधी अक्षरं, रेघ शेवटी. तू म्हणायचीस, "दोरीच नाही तं कपडे कायवर वाळू घालू?" शेवटी माझ्या बारावीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर तू पेनानं नाव लिहिलंस. अकरा वेळा. प्रत्येक वेळी रेघ नावापेक्षा लांब.

मला वाटलं होतं, तू माझ्यासाठी शिकते आहेस. माझ्या सगळ्या प्रगतिपत्रकांवर तुझा निळा अंगठाच होता आणि तो मी वर्गात हातानं झाकून न्यायचो. बारावीत एका विषयात राहिलो, पुन्हा बसणार असं दोन वर्षं म्हणत होतो. वाटलं, त्या फॉर्मवर तरी आता सही होईल. पण तुझी पहिली सही पडली ती धाकटीच्या कर्जाच्या कागदावर. तिला नागपूरला गृहविज्ञानाला प्रवेश मिळाला होता. बँकेतला साहेब म्हणाला, "मौसी, अंगूठा भी चलेगा." तू म्हणालीस, "पोरीच्या कॉलेजच्या कागदावर अंगठा नाही देत मी." हे मला तिनंच सांगितलं, कारण त्या दिवशी मी राईस मिलच्या काट्यावर होतो, धानाच्या गाड्या मोजत. संध्याकाळी मी विचारलं, "आणि माझा फॉर्म?" तू चुलीकडे तोंड करून भात ढवळत होतीस. "दोघायचं एका वेळी नाही जमत, बाबू. तुले मिल आहे. तिले काय आहे?" तेव्हाचा राग आजही जसाच्या तसा आहे.

पुढच्या वर्षी तू गेलीस, त्यामुळे पुढचं तुला ठाऊक नाही. ती पास झाली, मग आहारशास्त्राचा आणखी एक वर्षाचा कोर्स केला आणि गोंदियाच्या एका खाजगी दवाखान्यात लागली. पगार बारा हजार. कर्जाचा हप्ता साडेचार. मला काट्यावर साडेतेरा मिळतात. पहिला पगार तिनं तुझ्या फोटोपुढे ठेवला तेव्हा मी हात जोडले, पण मनात पहिल्यांदा जे आलं ते असं, की चला, माझ्यापेक्षा कमीच आहे. मिलमधले हमाल मामा पोती रचता रचता मला विचारतात, "काय रे, भात रांधाले शिकाले कर्ज काढलन म्हणते तुझ्या बहिणीनं? आमची बुढी तं फुकटात शिकली!" सगळे हसतात. मीही हसतो, आणि माय, बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी मीच हसतो. तरी दवाखान्यातले लोक तिला मॅडम म्हणतात. मला गाडीवाले "ए काटा" अशी हाक मारतात.

या उन्हाळ्यात दवाखान्याचे पगार अडकले आणि तिचे तीन हप्ते चुकले. बँकेनं सांगितलं, आई नाही तर भावानं जामीनदार म्हणून सही करावी, मग मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल. नाहीतर प्रकरण वसुलीला जाईल. तिनं कागद माझ्यापुढे ठेवला. "वाचून पाय दादा. घाई नाही, पण हा सोमवार सोडून पुढल्या सोमवारपर्यंत लागते." मी तो नऊ दिवस प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला. रोज काढून वाचला, एकेक शब्द. सोबत जुन्या अर्जाची झेरॉक्स होती. त्यात तुझी सही, आणि अक्षरं संपल्यावरही पुढे गेलेली ती रेघ. माझ्या शिकवण्यानं झालेली सही तिच्या नावाखाली बघितली की मी कागद पुन्हा पिशवीत घालायचो. दहाव्या दिवशी, शनिवारी, मी नाही म्हणायचं ठरवून दवाखान्यात गेलो.

तिच्या खोलीचं दार उघडं होतं. समोर एक बाई बसलेली, मांडीवर काडीसारखं लेकरू. धाकटी तिला म्हणत होती, "भाताची पेज फेकून राहिलीस ना? आमची माय म्हणे, पेज फेकली म्हणजे अर्धा भात फेकला." मी दारातच थांबलो. माय, हे तू मला म्हटलं होतंस! मी नऊ वर्षांचा, हात भाजला म्हणून मी भातातून निथळलेल्या पेजेचं भांडं मोरीत ओतलं आणि तू उलथनं घेऊन उठलीस. "काऊन फेकलास रे? अर्धा भात फेकलास!" भाजल्या बोटांवर तूच मग तेल लावलंस. चुलीपाशी त्या दिवशी आपण दोघंच होतो. सही गेली ती गेली, आता माझ्या वाट्याचं रागावणंही ही वापरते, आणि त्याचा पगार घेते.

तिनं मान वर केली. "हा पाय, आला. हाच तो! माह्या दादानंच फेकली होती पेज. मायनं उलथनं घेऊन अंगणभर पळवलं याले." ती बाई पदर तोंडाशी धरून हसली. "मंग दादाले आता पेज आवडते का नाही?" मी म्हटलं, "आवडते." मग मी बहिणीला विचारलं, "तू कुठं होतीस तवा?" "ओसरीवर. पाढे पाठ करून राहिली होती. तुले तेल लावताना माय रडली ते बी पायलं मी." हे मला ठाऊक नव्हतं. तू माझ्या मागे बसली होतीस, मला तोंड दिसलं नव्हतं.

ती बाई गेल्यावर मी कागद काढला आणि सही केली. तीन ठिकाणी, सावकाश, एकही अक्षर सुटू न देता. तिनं कागदाची घडी घातली नाही, तसाच फाइलमध्ये ठेवला आणि झेरॉक्सकडे बघत म्हणाली, "मायची सही किती फिकट आली. घरी तिच्या हातचं काही आहे का रे, दादा? फ्रेम करून इथं लावलं असतं." मी म्हटलं, "वही होती. उंदरांनी खाल्ली."

वही शाबूत आहे, माय. हे पत्र मी तिच्यातच लिहितो आहे, तुझ्या अकरा सह्यांच्या पाठीमागे, कागदाच्या दुसऱ्या बाजूला. आता ते पान फाडून तिला देता येणार नाही. लिहायला बसलो तेव्हाच मला हे माहीत होतं.