पाठीवर झाडू असलेला माणूस

तीर्थस्वरूप दादांस,

तुमच्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. (हल्ली मला वाकता येतं. ते कसं, हे पुढे येईलच.) वहिनींचा खोकला थांबला असेल, अशी आशा करतो. आणि तुमचा गुडघा कसा आहे? उजवा म्हणतोय मी. सूज उतरली का? जिना चढताना कळ येते का, आणि येत असेल तर ती साधारण मागच्या रविवारपासून येते का? तुम्ही म्हणाल, माझ्या गुडघ्याला काय धाड भरली आहे. पण दादा, माणसाला स्वतःच्या दुखण्याची नीट कल्पना नसते. जरा दाबून पाहा. पत्राच्या शेवटी पुन्हा विचारीन.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. काचेच्या टेबलाखाली दिवा जळतो, वरून दिवसभर कापड सरकत जातं, आणि तुटलेला धागा, सुटलेली वीण, तेलाचा डाग दिसला की मी तिथे खडूची खूण करतो. चांगल्या कापडाकडे बघायला मला कुणी ठेवलेलं नाही. खोट काढायला ठेवलं आहे. इतकी वर्षं हे केल्यावर डोळ्यांना दुसरं काही सुचत नाही. कुणी गोड हसलं की मी आधी कापडाची उलटी बाजू बघतो. हा स्वभाव देवाला आवडत नसणार हे कळतं, रोज त्याच्यापुढे तसं कबूलही करतो, आणि कबूल करता करता शेजारचा माणूस माझ्या चपलांकडे का बघतोय, असा विचार मनात येतो.

दोन वर्षांपूर्वी त्याच टेबलापाशी माझ्या छातीत कळ आली, ते सगळं तुम्ही धावत येऊन निस्तरलंत. पुढे डॉक्टरांनी मला बरा ठरवला. हिंडा-फिरा, जमेल तसं थोडं पळायलाही हरकत नाही, असं म्हणाले. तुमच्या बहिणीने त्यातलं ‘हिंडा’ एवढंच ऐकलं, आणि तेही फाटकापर्यंत. तेव्हापासून माझ्या मागे सतत कुणीतरी असतं. जिना चढताना ती माझ्या मागून दोन पायऱ्या सोडून येते. (मी कोसळलो तर तिच्यावर कोसळावं, अशी योजना असावी. तिची चण पाहता आम्ही दोघंही तळाशी सापडू.) बादलीला हात लावला की मुलगी येऊन ती काढून घेते. कारखान्यात मुकादम खुर्ची घेऊन माझ्या पाठीशी उभा राहतो, जणू मी पाहुणा आहे आणि फोटो काढायचाय. न्हाणीघराची आतली कडी काढून दुरुस्तीला दिली आहे म्हणतात. कडी दुरुस्त व्हायला दोन वर्षं लागत नाहीत, दादा.

म्हणून मी पळणाऱ्यांच्या क्लबात गेलो. का, तर तिथे माझ्या मागे कुणीच नसतं. मी सगळ्यांच्या शेवटी असतो. तुम्ही हसाल, पण पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर पाठीमागे फक्त रस्ता असणं म्हणजे काय सुख आहे, हे ज्याच्या न्हाणीघराला कडी नाही त्यालाच कळेल. तोंडाने देवाचं नाव, पायाखाली रस्ता, आणि आपण पडलो तर आपले आपण उठू, एवढा एक विश्वास. घरी मात्र देवळात जातो असं सांगत आलो. हे अगदीच खोटं नाही. क्लबाचा रस्ता देवळावरून जातो, आणि मी रोज पायरीपाशी थांबून बाहेरूनच हात जोडतो. (बूट काढायला वेळ लागतो, आणि नाडी पुन्हा बांधायला वाकलं तर उठताना गरगरतं. म्हणजे तेव्हा गरगरायचं. आता नाही.)

क्लबाचे प्रमुख दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी चार टेकड्यांची शर्यत जाहीर केली. जलशुद्धीकरण केंद्राच्या टाकीपासून निघायचं, डांबरी रस्त्याने चारही टेकड्या चढायच्या-उतरायच्या आणि पुन्हा टाकीपाशी यायचं. मी नाव दिलं. आता तुम्ही विचाराल, या वयात कशाला. तर मला एकदाच, स्वतःच्या पायांनी, कुणी धरलेलं नसताना, चौथ्या टेकडीच्या माथ्यावर उभं राहायचं होतं. बाकीचे घड्याळासाठी पळत होते, मी एवढ्यासाठी.

सुरुवातीला डॉक्टर सगळ्यांना नियम समजावून सांगत होते. ते मी ऐकले नाहीत, कारण तेवढ्यात आमच्या दूधवाल्याची गाडी आली आणि मला टाकीच्या मागे जावं लागलं. अंगावरचा क्रमांक मी सदऱ्याच्या आतून लावला होता. क्रमांक पाहून चौकशी करणारे लोक असतात. शिट्टी झाली, सगळे निघाले. शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका बाई माझ्या शेजारून गेल्या आणि जाता जाता “पाठ ताठ” म्हणाल्या. थोड्याच वेळात पुढे कुणी दिसेना, मागे कुणी असण्याचा प्रश्न नव्हता, आणि मला बरं वाटायला लागलं. पहिल्या टेकडीच्या अर्ध्यावर सहज मागे वळून पाहिलं, तर एक मनुष्य.

मध्यम वयाचा, मिशीवाला, आणि त्याच्या पाठीला आडवा बांधलेला एक झाडू. साधा, घर झाडायचा. शर्यतीत झाडू घेऊन कोण येतं, दादा? आधी वाटलं, याचा काही नवस असेल. पण नवसाचा माणूस देवाकडे बघतो; हा माझ्याकडे बघत होता. मी हळू झालो, तोही हळू झाला. मी थांबून बुटाची नाडी सोडून बांधली, तर त्याने आपली सोडून बांधली. मी कडेला होऊन “व्हा पुढे” म्हटलं, तर “छे छे, तुम्ही व्हा” म्हणाला. “माझं काही अडलेलं नाही,” मी म्हटलं. “माझंही नाही,” तो म्हणाला. दारात दोन पाहुण्यांनी खोळंबून राहावं तसे आम्ही भर चढावर उभे, आणि शर्यत चाललेली.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा मनुष्य घरून पाठवलेला आहे. (खरं सांगतो, आधी तुमच्यावरच संशय आला. घसा खाकरायची त्याची तऱ्हा थेट तुमच्यासारखी आहे. रागावू नका. तुमचं नाव मी दुसऱ्या टेकडीपर्यंतच धरलं होतं.) आता घरी काय सांगितलं जाणार? हे देवळात नव्हते, पळत होते, छातीवर हात होता. मग मी ठरवलं की याला बघायला मिळेल ते सगळं देवाधर्माचंच मिळेल. मैलाचा दगड आला, मी थांबून हात जोडले. विजेचा खांब आला, त्याला जोडले. पाण्याच्या नळाची एक गंजलेली झडप आली, तिच्यापुढे तर मी डोळे मिटून बराच वेळ उभा राहिलो (तेवढाच दमही घेता आला). डोळे उघडून पाहतो तर तो मनुष्य मागे थोड्या अंतरावर, झाडू पाठीवर, झडपेला हात जोडून उभा. त्याला वाटलं असावं की या भागात काही पद्धत असेल. दुसरी टेकडी आम्ही दोघांनी अशी मोठ्या भक्तिभावाने पार केली.

तिसऱ्या टेकडीवर मात्र ढोंगाची गरज उरली नाही. पाय शिशाचे झाले. मी रस्त्याकडेच्या कठड्यावर बसलो आणि खरंच देवाचं नाव घेतलं, मागणं काही नव्हतं, फक्त नाव. तोही पलीकडे जाऊन बसला.

“दमलात का?”

“नाही. ध्यान करतोय.”

“करा, करा. मी आहे.”

“तुम्ही का आहात?”

त्याने पाठीवरचा झाडू जरा सारखा केला. “मी असतोच,” म्हणाला. देवानेही मला इतकं सरळ उत्तर कधी दिलेलं नाही.

मग त्याने पिशवीतून थर्मास काढून लिंबू-मीठ घातलेलं कोमट पाणी दिलं. मी आधी त्याला प्यायला लावलं, मग प्यालो. मीठ बेताचं, मला लागतं तेवढंच. थर्मासच्या झाकणाची कडी तुटलेली, त्यावर निळा दोरा गुंडाळलेला. आमच्या घरच्या थर्मासचंही अगदी तसंच आहे. मला गंमत वाटली. माणसं कुठलीही असोत, कडी तुटली की निळाच दोरा शोधतात. कळलं ते एवढंच की तो कुलपांच्या किल्ल्या करतो. किल्ल्या करणारा मनुष्य पाठीमागे असताना कुणाचंही मन स्वस्थ राहणार नाही, पण प्यायलेल्या पाण्याला जागून मी झाकण पुसून थर्मास परत दिला.

चौथी टेकडी मी न थांबता चढलो. पळालो म्हणणार नाही, पण थांबलो नाही. दगडांना, खांबांना कुणालाच नमस्कार केला नाही. माथ्यावर वारा होता. मी उभा राहिलो, छातीवर हात ठेवला. ती आपलं काम करत होती, वेगाने पण नीट. मागे वळून पाहिलं, तर तो मनुष्य बराच खाली थांबला होता, रस्त्याकडे पाठ करून, जणू दरीत त्याचं काही पडलंय. तेवढा वेळ त्याने मला एकट्याला दिला. मला थोडं रडू आलं. वारा होता म्हणा.

टाकीपाशी पोचलो तेव्हा लोक सतरंज्या गुंडाळत होते, तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी त्या मनुष्याच्या पाठीवरचा झाडू सोडवून घेतला आणि माझा चेहरा पाहून हसले. म्हणाले, “सुरुवातीला सांगितलं होतं की. सगळ्यांत शेवटी जो असतो, त्याच्याही मागे आम्ही आमचा एक माणूस ठेवतो. रस्त्यावर कुणी राहून जाऊ नये म्हणून. झाडू ही त्याची खूण.” म्हणजे दादा, तो माझ्या मागे नव्हताच, तो शेवटच्याच्या मागे होता, आणि शेवटचा मी होतो. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू. त्या भल्या माणसाला मी झडपेला नमस्कार करायला लावला. त्या दिवसापासून मी ठरवलं आहे की हा संशयाचा रोग आता पुरे. जिथे खोट नाही तिथे खडू लावायचा नाही. मन कसं धुतलेल्या कापडासारखं झालं आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
मेहुणा

ता. क. – आता गुडघ्याबद्दल. शर्यतीच्या त्या रविवारी मी तुमच्याकडे आलो होतो. तुमचा उजवा गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता आणि मी दिवसभर गरम फडक्याने शेकत होतो. तुमच्या बहिणीला मी असं सांगितलं आहे. कृपा करून तेवढं लक्षात ठेवा, आणि इकडे याल तेव्हा थोडं लंगडा. पुढच्या वर्षी पुन्हा चार टेकड्या आहेत. तेव्हा डाव्या गुडघ्याचं बघू.

ता. क. २ – हे पत्र टाकायला तुमच्या बहिणीकडेच देणार आहे. मी स्वतः टपालपेटीपर्यंत गेलो तर तिला संशय येईल. पाकीट डिंकाने बंद करून जोडावर तीन ठिकाणी सही केली आहे. एकही सही मोडलेली दिसली तर कळवा.

(याखाली वेगळ्या अक्षरात)

दादा, किटलीच्या वाफेवर डिंक सुटला, सह्या शाबूत आहेत. तुझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही हे मला माहीत आहे. त्या रविवारी तू छपरावर पत्रे ठोकत होतास आणि वहिनी फोनवर तुझ्या नावाने ओरडत होती. देवळात जाणाऱ्या माणसाच्या मोज्यांना डांबर लागत नाही. मी दातांच्या डॉक्टरांकडे दाढ दाखवायला गेले तेव्हा सगळं विचारून घेतलं, यांच्या डॉक्टरांनाही विचारलं, मग त्या किल्लीवाल्या भाऊंना थर्मास नेऊन दिला. शेवटच्याच्या मागे ते असतातच, पण मी सांगितलं होतं, हे थांबले तर थांबा, हात जोडले तर जोडा, आणि चौथ्या टेकडीवर मात्र जरा लांब राहा. मी टाकीच्या मागे उभी होते. आले तेव्हा पाठ ताठ होती.

न्हाणीघराला उद्या कडी लावून घेते. तू त्यांना होकार कळव, आल्यावर लंगडही. फक्त उत्तर आठवडाभराने पाठव. लगेच आलं तर त्यांना संशय येईल.