खरे सतरा तास

दादा,

नमस्कार. सवयीने लिहिला गेला, आता राहू दे.

मी बरी आहे. हॉस्पिटलच्या चादरींना इस्त्री करताना हात भाजला होता, तो भरत आलाय. आई वेळेवर जेवते का?

काल फोनवर तिच्याकडूनच कळलं. बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी तुला विचारलं होतं, "धाकटीला यायला किती वेळ लागेल?" तू म्हणालास, "तीस तास." बाबा म्हणाले, "मग कशाला उगाच दमवता तिला!" आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

तीस तास हे माझंच खोटं, कबूल. विमान उतरायच्या वेळेपासून बाबा दुखरे गुडघे घेऊन फाटकाशी ताटकळायचे, म्हणून मी घरात वेळ वाढवून सांगायचे. दारापासून दारापर्यंत खरे सतरा तास लागतात, हे फक्त तुला माहीत होतं. विमानतळावर मला घ्यायला तूच यायचास ना!

त्या सकाळी फोन केला असतास, तर दुपारच्या विमानाने निघून मी बाबांजवळ बसले असते. माझी धावपळ नको म्हणून केलं, असलं काही मला सांगू नकोस.

महिनाअखेरीला येतेय. आईला खरे सतरा तास सांग. तिला फाटकाशी उभं राहायचं असेल, तर राहू दे.

तू मात्र विमानतळावर येऊ नकोस. घरचा रस्ता मला माहीत आहे.

धाकटी