उलटा संत

लाडके जांदिरा,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, पुरुष सगळे एका माळेचे मणी. त्या जेनिवालचा तुझ्या घरावर डोळा असणार." मी "बरं" म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं, मला पटलं.

अगं, डोळा आहेच, पण माझ्यावर! मेला अकॉर्डियन दुरुस्त करतो. कुठे दाबलं की काय वाजतं, ते बरोबर कळतं त्याला. तुझ्या बापाशेजारी मी जन्मभर छताकडे बघत पडून राहिले. हा आधी विचारतो, "लेउझा, चालेल ना?" आणि या वयात मला अंथरुणात हसू फुटतं. "माझं शरीर माझं" हे तूच शिकवलंस ना, पोरी? मग बापाचा राग या गरिबावर नको काढूस.

पुरुष मिळावा म्हणून आपल्या बायका करतात तसं मीही संत अंतोनियोच्या छोट्या मूर्तीला पाण्याच्या पेल्यात उलटं घातलं होतं. जेनिवालने त्याला हळूच काढलं, पुसलं. म्हणाला, "बिचाऱ्याचं डोकं दुखत असेल गं."

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, संताच्या पायाशी ठेवते. जूनच्या जत्रेला आलीस की स्वयंपाकघरात बघ, संत सरळ उभा आहे.

पेल्यातलं पाणी मात्र ओतलेलं नाही. तुला लागलं तर असू दे.

तुझी बिघडलेली आई,
लेउझा