अकरा नावांवरची ओळ

१२ ऑक्टो. २००४, वेस्ट विंडसर
आलं: कणीक २० पौंड, ७ डॉ.; नारळ दोन, २ डॉ.; नोव्हाय गावाहून मगफुराबाईंचं पार्सल, टपाल त्यांनीच भरलेलं. आत त्यांच्या वडिलांची वही, अरबी अक्षरांत. बाई दोन वर्षं शेजारी होत्या, आता लेकाकडे. मूळच्या बश्कीर, रशियात उरल डोंगराकडच्या. आमच्या लेकीच्या, केतकीच्या, प्रबंधाचा विषय तोच, म्हणून मीच शब्द टाकला होता. चिठ्ठीत लिहितात: मला ही अक्षरं येत नाहीत, मी शाळेत गेले तोवर सरकारने लिपी बदलली होती, पुढे परत बदलली. वडिलांनी काय लिहिलंय ते आधी मला कळवा. फोनवर नको.
वही देवापाशी ठेवली.

१६ ऑक्टो.
केतकीला विचारलं, त्या लोकांचं झालं काय? "एकोणीस साली मॉस्कोने करार केला आई. स्वतःचं सरकार, स्वतःची फौज. वर्षभरात सगळं काढून घेतलं. बावीसला मुलूख मोठा करून दिला, पण नावालाच स्वायत्त."
म्हटलं, म्हणजे घर तुमचं, किल्ली आमची.
"एक्झॅक्टली!"
मगफुराबाईंचे वडील त्या पहिल्या सरकारात कारकून. सदतीस साली त्या सरकारातल्या जुन्यांना पोलिसांनी उचललं, त्यात तेही. पण ते परत आले. बाई हे एकदाच बोलल्या.

२२ ऑक्टो. दसरा.
पूजेत ह्यांचा लॅपटॉप, माझी हिशेबाची वही, मगफुराबाईंची वही. बाबांच्या दुकानात करायचो तसं पहिल्या पानावर डोक्याशी कुंकवाचं स्वस्तिक काढलं. कुंकू जरा पातळ झालं होतं.

२३ ऑक्टो.
वही उचलली तर स्वस्तिकाखाली सगळं जांभळं. पाणी लागलं की शाई होते ती पेन्सिल. दुकानात लहानपणापासून वापरलेली, मला कळू नये? ह्यांना दाखवलं. म्हणाले, "अगं, ही लिपी उजवीकडून. तू शेवटचं पान उघडलंस."


३० ऑक्टो.
केतकी आली, सोबत ती लिपी वाचणाऱ्या बाई. शेवटच्या पानावर अकरा नावं. वरची एक ओळ, बहुधा ती नावं कसली ते सांगणारी, गेलेली. अकराही जण सदतीसनंतर मारले गेले, केतकीकडे कागद आहेत.
"पितरांची नावं लिहून ठेवतात तशी असतील गं."
"किंवा चौकशीत दिलेली नावं. हा एकटाच सुटला, आई."
"गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."
"म्हणून तर ती ओळ हवी होती! नेमकं तिथेच कुंकू लावायचं सुचलं तुला?"
मगफुराबाईंना काय कळवू? केतकी म्हणाली, "इतकंच कळव, की पान जुनं, वाचता येत नाही. प्लीज." हे पेपर वाचत बसले.

२ नोव्हें.
केतकीचा फोन. डिसेंबरात प्रबंधाचं प्रकरण द्यायचं. दोन्ही शक्यता मांडेन म्हणते. म्हणजे बाईंच्या वडिलांवर संशय छापून येणार, माझ्या बोटामुळे. जपात तीनदा मणी चुकले.

४ नोव्हें.
पत्र लिहिलं. हे इंग्रजीत उतरवून देतील. ही नक्कल.
"मगफुराबाई, नमस्कार. शेवटच्या पानावर माझ्या हातून पाणी गेलं आणि अकरा नावांवरची ओळ पुसली. पूजेत झालं, पण ती सबब नाही. नावं वेगळ्या कागदावर देते आहे. वडिलांनी ते पान कधी वाचून दाखवलं असेल तर वर काय होतं ते सांगा, वाईट असलं तरी. सांगायचं नसेल तर 'नाही' एवढंच लिहा. मग ते पान मी छापू देणार नाही, केतकी माझ्याशी बोलो न बोलो. तिकीट लावलेलं पाकीट आत आहे. पत्र मिळेल त्याच दिवशी उलट टपाली दोन ओळी टाका."