कार्डावरची सातवी ओळ

आई, आज सकाळी दवाखान्यात मला तुझीच गोळी दिली. तीच पिवळी, मध्ये चीर असलेली. पन्नासच्या आसपास वर्षं गेली, औषधांच्या दुनियेत काय काय नवं आलं म्हणतात, पण माझ्या बोटांच्या सांध्यांना सूज आली आणि डॉक्टरीणबाईंनी खण उघडून तुझ्या त्या जुन्या ओळखीच्या गोळीलाच बाहेर काढलं. मला हसू आलं. त्या बिचाऱ्या गोंधळल्या. एवढ्या कडक औषधाला हसणारी बाई त्यांनी पाहिली नसावी. घरी आल्यावर गोळ्यांची चपटी पट्टी टेबलावर ठेवली आणि तुला काहीतरी विचारायचं राहून गेलंय हे आठवलं. विचारायचं म्हणजे काय, तूच आयुष्यभर विचारत आलीस, मी उत्तरं चुकवत आले. आता मी विचारते आणि तू सुटलीस.

तुला आठवतं का, त्या औषधाची पहिली गोष्ट? सत्तरच्या दशकाचा शेवट. बेटाच्या दक्षिणेला, विमानतळाजवळ, प्लेन मान्येनचं आपलं घर, मागे ऊस, डोक्यावरून विमान गेलं की भांडी थरथरायची. तुझी बोटं सकाळी वळत नव्हती. उसात निंदायला जायचीस तर खुरपं धरता यायचं नाही, म्हणून मुठीला फडकं गुंडाळून न्यायचीस. मोठ्या लोपितालमधल्या, सरकारी इस्पितळातल्या, डॉक्टरने तुला पिवळ्या गोळ्या लिहून दिल्या आणि समजावलं, की अंगात राखणदार असतात, बाहेरून रोग आला की त्याला मारतात. तुझे राखणदार बिथरलेत, तुझ्याच सांध्यांना मारतायत, ही गोळी त्यांना गप्प करील. दुसऱ्या कुणी मान डोलावली असती. तू विचारलंस, "राखणदार निजले तर चोर आला की कोण उठल?" मी ते क्रेओलमध्ये, बेटावरच्या बोलीत, सांगितलं तेव्हा डॉक्टर खुर्चीत नीट बसला. म्हणाला, हाच तर सगळा प्रश्न आहे. मग त्याने हिरव्या कार्डाच्या मागे फ्रेंचमध्ये, सुवाच्य अक्षरात सात ओळी लिहिल्या आणि कार्ड माझ्या हातात दिलं. म्हणाला, घरी आईला सगळं वाचून दाखव.

मी सतरा वर्षांची होते आणि मला क्युर्पिपला टायपिंगच्या क्लासला जायचं होतं. माझ्यापुरतं ते जगातलं सगळ्यात महत्त्वाचं काम होतं. तू स्वयंपाकघरात पाटावर बसलेली, कार्ड माझ्या हातात, बस वीस मिनिटांवर. मी पहिली ओळ वाचली, रोज एक गोळी, जेवण झाल्यावर. तू विचारलंस, कारेमच्या, उपासाच्या दिवसांत जेवण कमी असतं तेव्हा काय? दुसरी, महिन्याला रक्त तपासायला यायचं. तू विचारलंस, रक्तात त्यांना राखणदार दिसतात का? तिसरी, ताप, दुखरा घसा, तोंडात फोड, अंगावर निळे डाग, यातलं काहीही झालं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी यायचं. ती तू मला पुन्हा एकदा वाचायला लावलीस. चौथी, कुणाला कांजिण्या किंवा नागीण झाली असेल तर लांब राहायचं. पाचवी, विचारल्याशिवाय कुठलीही लस टोचून घ्यायची नाही. सहावी, उन्हात डोकं आणि हात झाकायचे. यावर तू खळखळून हसलीस. ऊन चुकवून ऊस कुणी निंदलाय, म्हणालीस. प्रत्येक ओळीला तुझे तीन प्रश्न, आणि माझे कान रस्त्यावरच्या बसकडे.

सातवी ओळ मी वाचली नाही. मनातसुद्धा नाही. तू विचारलंस, "एवढंच?" आणि मी म्हणाले, एवढंच. कार्ड पत्र्याच्या डब्यात टाकलं, डबा फळीवर ठेवला आणि धावत सुटले. बस मिळाली. त्या दिवशी आम्हांला न बघता टाइपरायटरवर बोटं ठेवायला शिकवलं, हेही मला लख्ख आठवतं.

गोळ्यांनी तुला बरं वाटू लागलं, पण सावकाश. तू महिन्याच्या महिन्याला रक्त द्यायला जायचीस आणि नर्सला काचेच्या पट्टीवर ते कसं पसरतात ते दाखवायला लावायचीस. शेजारच्या बाईच्या घरी कांजिण्या आल्या तेव्हा पंधरा दिवस तू कुंपणाच्या या बाजूने, चार हात लांब राहून तिच्याशी गप्पा मारल्यास. ती रुसली. तू तिला राखणदारांची सगळी कथा ऐकवलीस, तेव्हा तिला वाटलं तुला बाधा झालीय. लिहिता न येणारी बाई सहाच्या सहा ओळी तोंडपाठ घेऊन फिरत होती. मी मात्र त्या केव्हाच विसरले होते.

मग गणपती आले. तुझ्या हातचे मोदक म्हणजे आपल्या घरची शान, पण त्या वर्षी तुझी बोटं कळ्या पाडेनात. पिठाची पारी हातात घेऊन तू नुसती बघत बसायचीस. उत्तरेकडच्या गुडलँड्सहून मोठे काका आले होते. त्यांनी ताटात पाहिलं, मोदक गुळगुळीत, वर नुसती गाठ. त्यांना वाईट वाटलं. बाबांचे ते थोरले भाऊ, म्हणजे तू डोक्यावरून पदर घेऊन दाराआड उभी राहणार आणि तुमच्या दोघांमधलं सगळं बोलणं माझ्या तोंडून इकडून तिकडे जाणार. वीस वर्षं तुम्ही एका घरात सणवार केले, आणि सरळ एक शब्द नाही. व्हरांड्यातून काकांनी मला हाक मारली आणि खिशातून पांढऱ्या गोळ्यांची पुडी काढली. "आयशीला दे. माझा पायाचा अंगठा सुजायचा, पार बोन, एकदम बरा झालाय. सांधा तो सांधाच." त्या काळी खाजगी डॉक्टरकडची गोळी म्हणजे काय मोठी वस्तू होती. स्वतःच्या वाटणीतली त्यांनी तुला दिली.

मी पुडी घेऊन आत आले. तू ती हातात फिरवलीस, वास घेतलास आणि मला हळूच म्हणालीस, "ही माझ्या गोळीसंगं चालती का? कार्डावर बघ." डबा फळीवर होता आणि फळीसमोर गणपतीचं मखर उभं होतं, देव बसलेले असताना ते हलवायचं नाही. हात घालून डबा निघाला असता, आई. थोडी फुलं पडली असती. मी जागची हलले नाही. म्हणाले, "कार्डावर कायबी नाय." तुला आणखी विचारायचं होतं, पण कुणाला विचारणार? थोरल्या दिराचं देणं, तेही देवासमोर, मुलीच्या हाती परत पाठवायची रीत आपल्यात नव्हती. तू पांढरी गोळी घ्यायला लागलीस, पिवळीबरोबर, जेवण झाल्यावर, अगदी नेमाने.

गणपती पाण्यात गेल्यावर तीनेक आठवड्यांनी, सकाळी चहा तुझ्या तोंडाला झोंबला. तू आरशाचा तुकडा घेऊन उजेडात गेलीस, ओठ उलटा करून पाहिलास, दंडावरचा निळा डाग पाहिलास, ताप बघायला कपाळाला हात लावलास. तू घाबरली नव्हतीस, तुला ते सगळं नीट बघायचं होतं. मग पातळ बदललंस आणि म्हणालीस, चल, तिसरी ओळ झालीय. रक्त द्यायला अजून आठ दिवस होते. बाबा म्हणाले आठ दिवसांनी जाणारच आहेस. तू त्यांचं ऐकलं नाहीस. डॉक्टरने नंतर सांगितलं, की आणखी दोनतीन दिवस गेले असते तर करण्यासारखं काही उरलं नसतं.

रक्तात राखणदार जवळजवळ उरलेच नव्हते. तुला वेगळ्या खोलीत ठेवलं, सुया लावल्या, रक्त चढवलं. काकांची पुडी तूच पदराला बांधून आणली होतीस. ती डॉक्टरसमोर ठेवलीस. त्याने कार्ड मागितलं, उलटलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, की विचारल्याशिवाय दुसरं कुठलंही औषध घेऊ नये, आणि अंगठ्याच्या सुजेवरचं, गाउटचं, तर मुळीच नाही; ते या गोळीला शरीरातून जाऊ देत नाही, आणि साधी मात्रा विषाइतकी होते. औषधाचं नावसुद्धा दिलं होतं. पुडीवर तेच नाव होतं. डॉक्टरने चढ्या आवाजात विचारलं, हे तुम्हांला कुणी वाचून दाखवलं नाही का?

मी म्हणाले, "मो मामा पा कोने लिर." माझ्या आईला वाचता येत नाही. हे खरंच होतं, आणि याच्याइतकं खोटं मी आयुष्यात दुसरं काही बोलले नाही. तू खाटेवरून माझ्याकडे बघितलंस. ओठ फुटलेले होते, तरी डॉक्टरला म्हणालीस, "वी दोक्तेर, मो पा कोने लिर." होय, मला वाचता येत नाही. मग तो तुला रागावला. बराच रागावला. तू मान खाली घालून ऐकत राहिलीस, आणि मी भिंतीला टेकून उभी होते.

काकांना कळलं तसे ते उत्तरेहून बस बदलत बदलत आले. आत सोडत नव्हते, म्हणून दाराशी, तोंडाला फडकं बांधून उभे राहिले आणि रडायला लागले. एवढा मोठा माणूस, मला कुठे बघावं कळेना. नेहमीसारखं त्यांनी मला सांगितलं, आयशीला सांग, माझ्या हातून झालं. मी तोंड उघडायच्या आत तू पदर सारखा केलास आणि सरळ त्यांच्याशी बोललीस. "भावजी, रडू नका. गोळी वायट नाय. माझ्या गोळीसंगं तिचं जमलं नाय, येवढंच." तुमच्यातलं ते पहिलं बोलणं. त्या क्षणी मी सांगू शकले असते. त्यानंतर दर गणपतीत सांगू शकले असते. काका मरेपर्यंत तुझ्यासमोर ताट पुढे करताना कसे संकोचायचे ते मी बघत आले, आणि तो संकोच माझ्या वाटणीचा होता. त्याची मला लाज वाटते. आजही वाटते, इतक्या वर्षांत ती जराही जुनी झाली नाही.

तू बरी झालीस. काही महिन्यांनी पिवळी गोळी पुन्हा सुरू झाली, अर्धी, आणि रक्त दर आठवड्याला. घरी आल्यावर एके दुपारी तू डबा स्वतः काढलास आणि कार्ड मला वाचायला दिलंस. मी वाचत होते आणि तुझं वाकडं बोट कार्डावर माझ्याबरोबर एकेक ओळ खाली सरकत होतं. उसात तुला नेमून दिलेल्या ओळी असायच्या. एखादी निंदायची राहिली तर तुला बांधावरून कळायचं. मी सातवी वाचून थांबले. तुझं बोट तिथेच राहिलं. तू विचारलंस, "एवढंच?" तोच शब्द, त्याच सुरात. मी हो म्हणाले. तू कार्ड डब्यात ठेवलंस आणि भाजी निवडायला घेतलीस.

मला हे कळून घ्यायचंय, आई. पहिल्या दिवशी, पाटावर बसलेली असताना, तू ओळी मोजल्या होत्यास का? बघितलं होतंस का, की एक राहिली? आणि बघितलं असशील तर मला जाऊ का दिलंस? सगळ्या गोष्टींना प्रश्न विचारणारी तू, तेवढा एकच प्रश्न का विचारला नाहीस? कधी वाटतं, पोरीला बस मिळू दे, बाकीचं संध्याकाळी विचारू, असं मनात म्हणाली असशील आणि मग राहून गेलं असेल. कधी वाटतं, तुला काहीच कळलं नव्हतं आणि खाटेवरून तू फक्त खरं तेच बोललीस. पुढे सातआठ वर्षं तू होतीस, हृदयाने दगा देईपर्यंत. विचारायला किती दुपारी मिळाल्या, बघ. मी मोका गावातल्या एका ऑफिसात नोकरीला लागले, लोकांचे कागद शेवटच्या शब्दापर्यंत तपासून टाइप करण्यात हयात घालवली आणि त्याबद्दल शाबासकीही मिळवली.

हे पत्र तुझ्या हिरव्या कार्डाबरोबर त्याच डब्यात ठेवीन, धाडणार कुठे? पण एक सांगते आणि थांबते. आता कार्ड देत नाहीत, गोळ्यांबरोबर घडी घातलेला लांबलचक कागद देतात, अक्षरं मुंगीएवढी. आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सगळं वाचलंत ना, दुसरं कुठलं औषध घेत नाही ना? माझ्या मागे रांग होती आणि बाहेर बस उभी होती. मी हो म्हणाले. कागदाची घडी मी अजून उघडलेली नाही. चष्मा कुठे ठेवलाय ते बघते.