सोल्युशनच्या पेटीची किल्ली

मी, यशया अँड्र्यू भिंगारदिवे, वय एकोणसत्तर, धंदा पंक्चर काढणे, राहणार ढगेवाडी फाटा, तालुका पाथर्डी, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. पत्नी रेबेका हिचं मत वेगळं आहे, पण तिला कोणी विचारलेलं नाही. लिहिता लिहिता सारखा उठतो आहे, बाहेर जाऊन गाळ्याचं शटर बघून येतो आहे. छातीचं दुखणं आहे ते आहे, मला घोर दुसराच लागला आहे.

१. राहतं घर व पोस्टातली शिल्लक रेबेकास. त्यात कोणी तोंड घालू नये.

२. मुलगा सॅमसन, हल्ली राहणार चाकण, यास माझी मोटारसायकल व माझ्या वडिलांचं बायबल. गाळा त्यास नाही. परवा फोनवर म्हणाला, "पप्पा, वैजनाथ टपरीसाठी भाड्याने मागतोय, देऊन टाका ना." वैजनाथ पान आणि गुटखा विकतो. माझा गाळा शाळेच्या फाटकासमोर आहे. सॅमसन, तू त्याच शाळेत शिकलास ना रे?

३. याच गाळ्यात आमची व्यसनमुक्ती समिती बसते. चर्चमध्ये बसायला भजनी मंडळ तयार नव्हतं, मंदिरात बसायला आमची माणसं. पंक्चरच्या दुकानाला कोणाची हरकत नव्हती. समिती काढली चैत्रात, जत्रेला सगळं गाव घरी असताना, आणि तिथेच घोटाळा झाला. दिवाळी सरली तसे अध्यक्ष, सचिव सगळे कोयते घेऊन ऊसतोडीला गेले. पोरं बिघडतात ती नेमकी तेव्हा, आईबाप कारखान्यावर असताना. ठराव करणारे गेले, गुटखा इथेच राहिला. आणि पंक्चर चिकटवायचं सोल्युशनही. पोरं ते पिशवीत ओतून हुंगतात आणि डोकं गमावून बसतात.

मग मागे उरलेल्यांनीच समिती चालवली: गावातल्या म्हाताऱ्या, एसटीचे निवृत्त कंडक्टर रंगनाथ गर्जे आणि मी. संध्याकाळी पोरांना गाळ्यापुढे जमवायचं, खिचडी घालायची, अभ्यास घ्यायचा. जो आला नाही त्याच्या दारात जाऊन हाक मारायची. गावातल्या दुकानदारांनी सोल्युशनच्या ट्यूबा विकायच्या बंद केल्या. आता सगळ्या ट्यूबा माझ्या लोखंडी पेटीत असतात, कुलपात.

४. गाळ्यातला आरसा बनुबाई ढाकणे यांस. ही म्हाताऱ्यांची पुढारी. घरोघर जाऊन गुटख्याविरुद्ध तावातावाने बोलायची, तीही गालात मशेरी धरून! नातवंडांच्या दातांनाही तीच लावायची. मी बोललो तर माझ्यावरच उसळली, "मशेरी म्हंजी तंबाखू व्हय? दात घासायचं हाय ते!" अहो बाई, भाजलेला तंबाखूच तो! सबंध उन्हाळा आमचं बोलणं बंद होतं. आता पोरांना लावत नाही, स्वतःची मात्र सुटत नाही. तरी तिने रोज आरशात आपले दात बघावेत.

५. गाळा, कॉम्प्रेसर, जॅक, पान्हे व पेटीची किल्ली बनुबाईचा नातू अमृत सहादेव ढाकणे यास. यावर समितीत बोंबाबोंब होणार, ठाऊक आहे. याच अमृतने शाळेत असताना माझ्या गाळ्यातून ट्यूब चोरली होती, हुंगायला. पोलिसात तक्रार मीच दिली. आजही देईन. पण नंतर तो माझ्याच हाताखाली कामाला लागला. दिवसभर त्या ट्यूबांच्या शेजारी बसतो आणि हुंगत नाही. हे किती अवघड असतं ते मला त्याच्या तोंडाकडे बघून कळतं. यंदा आईबाप तोडीला गेले, हा पोरांसाठी मागे थांबला. माझा जीव घाबरतो तो एवढ्याचसाठी. मी गेल्यावर गाळा बंद झाला तर दारोदार हाक कोण मारणार?

६. कलम पाच रद्द. खाडाखोड करत नाही, घडलं ते लिहितो. आज सह्यांसाठी माणसं बोलावली तेव्हा अमृतने कागद वाचला. म्हणाला, "काका, गाळा नको. मला साक्षीदार करा." वकिलांनी बजावलं होतं, ज्याला मिळतं त्याने साक्षीची सही करू नये, केली तर त्याचा हक्क जातो. मी ओरडलो, "अरे येड्या, गाळा सोडून सही कसली मागतोस?"

"माझं नाव कागदावर एकदाच आलंय, पोलीस चौकीत. तुमीच घातलं हुतं. आता या कागदावर बी तुमीच घाला."

मला रडू आलं, लपवत नाही. रेबेका आतून म्हणाली, "गाळा माझ्या नावानं लिहा. शटर उद्यापासून हाच उघडील."

सबब गाळा व हत्यारं रेबेकास. पानटपरीला भाड्याने देण्यास सक्त मनाई. किल्ली मात्र मृत्युपत्रात कोणालाच देत नाही. तिच्यासाठी पोराने माझ्या मरणाची वाट का बघावी? ती आत्ताच अमृतच्या हातावर ठेवली.

ठिकाण: ढगेवाडी फाटा
तारीख: १६ नोव्हेंबर २०२५
(सही) यशया अँड्र्यू भिंगारदिवे

यशया भिंगारदिवे यांनी वरील सही आमच्या डोळ्यांसमोर, बडबड करत पण शुद्धीवर असताना केली, याला आम्ही साक्ष आहोत.

१. रंगनाथ गर्जे, निवृत्त कंडक्टर (सही)
२. अमृत सहादेव ढाकणे, पंक्चर काढणारा, व्यसनमुक्ती समिती (सही)